लक्ष कोणाचे, वळण कोणाला?

१

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा शिशुवर्गात असताना त्याच्या शाळेच्या डायरीत बाईंनी लाल शाईने एक शेरा लिहिला होता : “पाल्य वर्गात लक्ष देत नाही. पालकांनी लक्ष द्यावे.” मराठी शिकवणाऱ्या माणसाला काही खोडी जडलेल्या असतात. त्या शेऱ्याचा आशय मनात उतरण्याआधी मला त्यातला ‘लक्ष’ हा दोनदा आलेला शब्द दिसला, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे हेही जाणवले. बहिणीला मात्र त्यात फक्त आरोप दिसला. “दादा, मी दिवसभर त्याच्याकडे लक्ष देण्याशिवाय दुसरं करते तरी काय?” असे ती म्हणाली, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे त्या मुलाला एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता, असल्याचे निदान झाले. त्याच्या जोडीला विरोधी वर्तनाचा विकारही होता : प्रत्येक सांगण्याला नकार, वाद, आदळआपट. डॉक्टरांनी औषध लिहून दिले नाही. वय लहान आहे, आधी तुम्ही दोघे पालक-प्रशिक्षणाच्या वर्गाला या, असे त्यांनी सुचवले. घरी आल्यावर बहिणीने विचारलेला प्रश्न एवढाच होता : “म्हणजे चूक माझीच ना?”

प्रस्तुत लेख या प्रश्नातून निघाला आहे. मुलाला विकार असताना शिकवणी आईबापांना का, हा विचार आला कोठून, आणि त्यात आईला दोषी धरलेले आहे की आणखी काही, हे पाहायचे तर गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास थोडा चाळावा लागतो. तो प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतला आहे. पण त्याच्या मध्यभागी घरातली भाषा आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनाही तो परका वाटू नये.

२

या इतिहासाच्या आरंभी अनेक जण एका बालपुस्तकाचा उल्लेख करतात. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांना १८४४च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलाला देण्याजोगे पुस्तक बाजारात सापडेना. तेव्हा त्यांनी स्वतःच चित्रे काढून पद्ये लिहिली. १८४५मध्ये छापलेले हे पुस्तक पुढे ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने जगभर पोहोचले. त्यात नंतर समाविष्ट झालेल्या एका पद्यात फिलिप नावाचा चुळबुळ्या मुलगा आहे. जेवणाच्या टेबलाशी तो खुर्ची मागेपुढे झुलवत राहतो आणि अखेर टेबलावरच्या कापडासकट सगळे जेवण खाली ओढतो. आज हा फिलिप अतिचंचल मुलाचे आद्य चित्र मानला जातो.

मला मात्र त्या चित्रातली इतर दोन माणसे अधिक महत्त्वाची वाटतात. वडील आज स्वस्थ बसणार आहेस की नाही असे दरडावून विचारतात, आणि आई काही न बोलता टेबलावर नजर फिरवत राहते. वडिलांचे दरडावणे, आईचे मौन आणि मुलाची वाढत जाणारी चुळबूळ ही तिन्ही एकाच प्रसंगाची अंगे आहेत. हॉफमननी ती एका चौकटीत रेखाटली. पण शास्त्राला ती एकत्र पाहायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

मधल्या काळात शास्त्र आळीपाळीने मुलाकडे किंवा आईकडे बोट दाखवत राहिले. १९०२मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने दिलेली व्याख्याने प्रसिद्ध आहेत. बुद्धीने ठीक असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही अशा मुलांचे वर्णन त्याने केले, आणि त्यांच्या ठिकाणी नैतिक नियंत्रणाची उणीव असल्याचे सांगितले. शब्दयोजना त्या काळाची आहे. पण दोष मुलाच्या घडणीत, बहुधा शरीरात, शोधावा ही दिशा त्यात स्पष्ट दिसते.

उलट दिशाही होतीच. वर्तनवादाचा प्रवर्तक जॉन वॉटसन याने १९२८मध्ये मातापित्यांसाठी संगोपनाचे एक पुस्तक लिहिले. मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, त्यांच्याशी लहान वयाच्या प्रौढांशी वागावे तसे वागा, असा त्याचा सूर होता. आणि मूल बिघडले तर ते आईच्या मायेने बिघडले असा त्याचा अर्थ होत होता. १९४३मध्ये डेव्हिड लेव्ही या मनोविकारतज्ज्ञाचे मातेच्या अतिसंरक्षणाविषयीचे पुस्तक आले. याच सुमारास, १९४२मध्ये, फिलिप वायली या लेखकाने अमेरिकन आईवर एका गाजलेल्या निबंधसंग्रहातून कोरडे ओढले. पुढे १९६७मध्ये ब्रुनो बेटलहाइमने स्वमग्न मुलांच्या बाबतीत नेमका उलटा आरोप केला, की आईचा थंडपणाच या विकाराच्या मुळाशी आहे. वॉटसनच्या मते माया अधिक झाली आणि बेटलहाइमच्या मते कमी पडली. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र दोन्ही वेळा आईच उभी होती. स्वमग्नतेविषयीचा तो सिद्धान्त नंतर पूर्णपणे त्याज्य ठरला. त्याने मागे ठेवलेली अपराधभावना मात्र सहजासहजी गेली नाही. माझ्या बहिणीच्या प्रश्नात तिचाच एक दूरचा प्रतिध्वनी होता, असे मला आता वाटते.

३

पालक-प्रशिक्षण ही कल्पना १९६०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. गंमत अशी, की ती वॉटसनच्याच वर्तनवादी कुळातून आली आणि तिने त्याच्याच आरोपाला बगल दिली. त्या काळच्या बालमार्गदर्शन केंद्रांत सर्वसाधारणपणे तज्ज्ञ मुलाला एका खोलीत भेटे आणि आईशी दुसऱ्या खोलीत वेगळी बातचीत होई. मूल आठवड्यातला एक तास तज्ज्ञासमोर असे आणि उरलेला सगळा वेळ घरी. बी. एफ. स्किनरच्या विचारांवर वाढलेल्या तरुण मानसशास्त्रज्ञांना यातली विसंगती खटकली. वर्तन जर त्याच्या परिणामांनी घडत असेल, तर परिणाम ज्यांच्या हाती आहेत त्यांनाच उपचारक का करू नये?

१९६५मध्ये रॉबर्ट वॉलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, आईच आपल्या मुलाची वर्तनोपचारक होऊ शकते असे शीर्षकातच सांगणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट हॉकिन्स आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. त्यात चार वर्षांचा एक हट्टी मुलगा आणि त्याची आई आहे. संशोधक त्यांच्या घरी जाऊन बसत आणि आईला तीन ठरावीक खुणा करत. एका खुणेचा अर्थ, मुलाला थांबायला सांग; दुसरीचा, त्याला त्याच्या खोलीत ठेवून दार लाव; तिसरीचा, त्याच्याकडे लक्ष दे, शाबासकी दे, जवळ घे. मुलाचे वर्तन बरेच सुधारले.

आज वाचताना ही पद्धत काहीशी यांत्रिक वाटते, आणि बंद दार खटकते. पण तिसरी खूण दुर्लक्षिण्याजोगी नाही. मूल चांगले वागत असताना त्याची दखल घेण्याची आठवण आईला बाहेरून करून द्यावी लागत होती. हे आईचे वैगुण्य नव्हे. शांत खेळणारे मूल कोणाचेच लक्ष वेधून घेत नाही. आरडाओरडा करणारे घेते. घरातले लक्ष या रीतीने आपोआप चुकीच्या जागी खर्च होत जाते, हे या संशोधकांनी प्रथम नीट हेरले.

याचा सखोल उलगडा ओरेगन राज्यातल्या युजीन गावी जेराल्ड पॅटरसनने केला. त्याची माणसे घरोघर जाऊन निरीक्षण करत. त्यासाठीचे नियम वाचण्यासारखे आहेत : सर्व कुटुंबीयांनी हजर असावे, पाहुणे नसावेत, दूरचित्रवाणी बंद, आणि वावर दोन खोल्यांपुरता. मग घरातली बारीकसारीक देवघेव सांकेतिक चिन्हांत टिपली जाई. १९८२च्या आपल्या ग्रंथात पॅटरसनने या नोंदींतून जबरदस्तीच्या चक्राचा सिद्धान्त मांडला. तो असा : आई काही सांगते, मूल किरकिरते, आई आवाज चढवते, मूल अधिक आकांत करते, आणि शेवटी आई सांगणे सोडून देते. आकांत थांबतो. मूल शिकते, की आकांत केला म्हणजे सांगणे टळते. आईही काहीतरी शिकते, की सोडून दिले म्हणजे घर शांत होते. कधी उलट घडते : आई इतकी भडकते की मूल गप्प बसते, आणि मग ओरडण्याची सवय तिला लागते. मानसशास्त्र याला ऋण प्रबलन म्हणते. त्रास थांबणे हेच येथे बक्षीस असते.

या सिद्धान्तात कोणी खलनायक नाही. चक्रात सापडलेली दोन्ही माणसे तत्क्षणी सुटकेचा मार्ग शोधतात, आणि त्या शोधातूनच चक्र घट्ट होत जाते. आरोपाची भाषा सोडून घडणीची भाषा बोलणे हे पॅटरसनचे मोठे काम आहे, असे मला वाटते. त्याने आणि एलिझाबेथ गलियनने १९६८मध्येच पालकांसाठी सोप्या, पायरीपायरीच्या रचनेचे छोटे पुस्तकही लिहिले होते. शास्त्रज्ञाला जे कळले ते घरातल्या माणसाच्या हाती द्यायचे, हा त्यामागचा हेतू होता.

४

याच ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या वैद्यकीय विद्यापीठात, या परंपरेतली सर्वांत प्रभावी आणि सर्वांत कमी परिचित अशी व्यक्ती काम करत होती. तिचे नाव कॉन्स्टन्स हॅन्फ (१९१७–२००२). तिची पद्धत १९६९मधल्या एका परिषदेत वाचलेल्या निबंधात आली. तो कधी रीतसर प्रसिद्ध झाला नाही. तरीही रेक्स फोरहँड, रॉबर्ट मॅक्मॅहन, शीला आयबर्ग, कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन, रसेल बार्कली अशा पुढे नावाजलेल्या अनेकांच्या कार्यक्रमांचे मूळ तिच्या पद्धतीत आहे. लिखित ग्रंथाविना गुरूकडून शिष्याकडे गेलेली ही विद्या पाहून आपल्याला मौखिक परंपरेची आठवण व्हावी.

हॅन्फच्या पद्धतीत आई आणि मूल एका खोलीत खेळत, आणि एकतर्फी काचेआडून पाहणारा मार्गदर्शक आईच्या कानातल्या छोट्या यंत्रातून तिला हलक्या आवाजात सूचना देई. शिक्षण दोन टप्प्यांचे होते. पहिल्या टप्प्यात मुलाने खेळायचे आणि आईने त्याच्या मागे जायचे. तिने हुकूम सोडायचे नाहीत. या परंपरेत पुढे प्रश्न आणि टीका यांनाही या टप्प्यात मज्जाव झाला. मग बोलायचे काय? मूल जे करते आहे त्याचे वर्णन करायचे, आणि जे चांगले आहे त्याला नेमके चांगले म्हणायचे. दुसऱ्या टप्प्यात आईने सांगायचे आणि मुलाने ऐकायचे. ऐकले तर लगेच कौतुक. न ऐकले तर एक इशारा, आणि मग थोडा वेळ खेळापासून बाजूला बसवणे.

व्याकरण शिकवणाऱ्याला यात एक विलक्षण गोष्ट दिसते. आपण आख्याताचे चार अर्थ शिकवतो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. अशा घरातले दिवसभराचे बोलणे टिपून काढले, तर त्यात आज्ञार्थ (“बस खाली!”), विध्यर्थ (“मोठ्यांशी असं बोलू नये”) आणि संकेतार्थ (“वेळेवर आवरलं असतंस तर बस चुकली नसती”) यांचीच गर्दी आढळेल. नुसते ‘आहे ते’ सांगणारे स्वार्थी वाक्य दुर्मीळ झालेले असते. “तू लाल ठोकळ्यावर निळा ठेवलास”, हे वाक्य मुलाकडून काहीच मागत नाही. हॅन्फचा पहिला टप्पा म्हणजे घराच्या भाषेत स्वार्थाची पुनःस्थापना आहे, असे म्हणता येईल.

दुसऱ्या टप्प्यातही भाषेचाच विचार आहे. फोरहँड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आज्ञांचे दोन प्रकार पाडले : अल्फा आणि बीटा. जी स्पष्ट आहे, जी पाळण्याची संधी मुलाला मिळते, ती अल्फा. जी मोघम आहे, किंवा जी पाळण्याआधीच दुसरी येऊन आदळते, ती बीटा. मराठी घरातली उदाहरणे मला सहज सुचतात. “जरा नीट वाग”, “किती वेळा सांगायचं?”, “आवरशील का रे बाबा आता?” या सगळ्या बीटा आज्ञा. शेवटचे वाक्य तर प्रश्नाच्या वेशातली आज्ञा आहे, आणि मुलाने त्याला प्रश्न समजून “नाही” असे प्रामाणिक उत्तर दिले तर आपण त्याला उद्धट म्हणतो. “बूट कपाटात ठेव”, आणि मग पाच सेकंद शांत राहणे, ही अल्फा आज्ञा. अवधान ज्याचे क्षणाक्षणाला निसटते, त्याला पाच कलमी आज्ञेतले पहिले कलमही हाती लागत नाही. त्याचे न ऐकणे दर वेळी बंड नसते.

फोरहँड आणि मॅक्मॅहन यांचा ग्रंथ १९८१मध्ये, तर बार्कलीचे अवज्ञाकारी मुलांविषयीचे मार्गदर्शक पुस्तक १९८७मध्ये आले. आयबर्गने खेळोपचार आणि वर्तनोपचार यांचा मेळ घातला. वेबस्टर-स्ट्रॅटनने सिअ‍ॅटलमध्ये वेगळी वाट काढली : पालकांच्या गटाला घरगुती प्रसंगांच्या छोट्या चित्रफिती दाखवायच्या आणि त्यांवर त्यांनाच चर्चा करू द्यायची. कानातला आवाज जाऊन त्या जागी इतर आईबापांचे आवाज आले. साहित्याच्या वर्गात आपण एखाद्या उताऱ्यावर चर्चा घेतो, त्यापेक्षा हे फार निराळे नाही.

५

ही परंपरा वाढत असताना निदानाचे नावही बदलत गेले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत १९६८मध्ये ‘बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया’ असे नाव होते. १९८०मध्ये भर अवधानावर आला, आणि त्याच वर्षी विरोधी वर्तनाच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. १९८७मध्ये एडीएचडी हे नाव रूढ झाले. जुळ्यांच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असल्याचेही पुढे आले. म्हणजे स्टिलची दिशा बऱ्याच अंशी बरोबर होती : हा विकार आई लावत नाही.

मग आईबापांना शिकवून काय साधते? येथे हा इतिहास प्रामाणिकपणे पाहायला हवा, कारण उत्साहाच्या भरात फार मोठे दावे झाले होते. १९९९मध्ये अमेरिकेत ५७९ मुलांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काटेकोरपणे दिलेले औषध, पालक-प्रशिक्षणासह वर्तनोपचार, दोन्ही एकत्र, आणि नेहमीचे स्थानिक उपचार, अशी चार गटांत १४ महिने तुलना झाली. चंचलता आणि अनवधान या मुख्य लक्षणांवर औषध स्पष्टपणे वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. विरोधी वर्तन, पालक-मूल संबंध यांसारख्या काही बाबतींत मात्र नेहमीच्या उपचारांहून सरस ठरला तो एकत्रित उपचार. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटागटांतले फरक ओसरले होते.

२०१३मध्ये एडमंड सोनुगा-बार्क यांच्या गटाने उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. हा आढावा अधिक महत्त्वाचा, कारण यातल्याच काही संशोधकांनी इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या पालकांसाठी स्वतःचा कार्यक्रम उभारला होता. उपचाराची माहिती नसलेल्या निरीक्षकांची मते तेवढी घेतली, तेव्हा वर्तनोपचाराचा मुख्य लक्षणांवरचा परिणाम जवळपास नाहीसा झाला. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात मात्र अशा निरीक्षकांच्या नजरेतूनही पालकांचे वागणे सुधारलेले आणि मुलांचे विरोधी वर्तन कमी झालेले दिसले. याचा सरळ अर्थ असा, की प्रशिक्षणाने मुलाची चुळबूळ फारशी थांबत नाही. चुळबुळीभोवती उभे राहिलेले भांडण कमी होते. हे यश लहान नाही. म्हणूनच सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना, आणि पाच वर्षांखालच्यांसाठी ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वे, पालक-प्रशिक्षणाला पहिला उपचार मानतात.

आणखी एक मर्यादा याच परंपरेतल्या माणसाने दाखवली. १९६५मध्ये आईला उपचारक म्हणणाऱ्या वॉलरनेच १९८०मध्ये ‘बेटावरची आई’ म्हणता येईल अशा स्त्रियांविषयी लिहिले : गरीब, एकाकी, बाहेर बोलायला मैत्रीचे माणूस नसलेल्या आया. ज्या दिवशी त्यांच्या मित्रमंडळींशी भेटीगाठी अधिक होत, त्या दिवशी मुलाशी खटके कमी उडत. प्रशिक्षणाचा फायदा त्यांना झाला, पण तो पुढे टिकला नाही. आईला तंत्र शिकवले आणि तिचे एकटेपण तसेच ठेवले, तर तंत्र पुरत नाही. २००२मध्ये आणखी एका अभ्यासात असे दिसले, की आईला स्वतःलाच अवधानाचा त्रास तीव्र असेल तर प्रशिक्षणाचा लाभ कमी होतो. आणि आनुवंशिक विकारात असे अनेकदा असणारच. वडिलांचा विचार तर फार उशिरा झाला. २००९च्या सुमारास अमेरिकेत ग्रेगरी फॅबियानो यांनी फुटबॉलच्या मैदानावर वडिलांसाठी असा कार्यक्रम आखला, तोवर पालक म्हणजे आई हेच बहुतेकांनी गृहीत धरले होते.

६

आपल्याकडे ‘वळण लावणे’ हा शब्दप्रयोग आहे. त्यात मूल हे कर्म असते, आणि कर्ता बहुधा आईच. ‘श्यामची आई’मधला पोहण्याचा प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, आणि नंतर त्याला जवळ घेऊन आपले मन उलगडून सांगते. पिढ्यान्‌पिढ्या या प्रसंगाने आपल्याला गहिवरून टाकले आहे. पण त्याच्या आधारे कोणी अवधानाची उणीव असलेल्या मुलावर छडी उगारली, तर ती चूक ठरेल. श्याम भीतीपोटी ‘करत नाही’. त्या मुलाला बऱ्याचदा ‘करता येत नाही’. आणि त्याच्या पाठीवरची छडी पॅटरसनच्या चक्राचाच एक वेढा वाढवते. प्रसंगाचा उत्तरार्ध मात्र, आईने थांबून मुलाशी मोकळे बोलणे, कोणत्याही प्रशिक्षणाला मान्य होईल.

बहीण आणि मेहुणे दोघेही वर्गाला गेले. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ होता, रोज पंधरा मिनिटे मुलाजवळ बसून काहीही न शिकवता, न विचारता, न सुधारता खेळणे. “दादा, बीएला असताना इतकं अवघड काही नव्हतं,” असे तिने मला फोनवर सांगितले. मुलगा आजही चुळबुळ्या आहे. वर्गात त्याचे लक्ष उडते, आणि आता तो औषधही घेतो. पण संध्याकाळच्या सातच्या सुमाराला त्या घरात जो आरडाओरडा ठरलेला असे, तो बराच ओसरला आहे.

तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. चूक तिची नव्हती. तिला वर्गाला बोलावले, कारण मुलाचे दिवस तिच्या आणि मेहुण्यांच्या सोबत जातात, तज्ज्ञाच्या खोलीत नव्हे. बाईंचा तो शेराही तसा खोटा नव्हता; पण लक्ष कशाकडे द्यायचे आणि कशाकडे नाही, एवढे त्यात लिहायचे राहून गेले होते. एवढी एक ओळ लिहिता यावी म्हणून कितीतरी माणसांनी अनोळखी घरांत मुकाट बसून नोंदी केल्या. त्या ओळीची गरज आपल्या शाळांतल्या डायऱ्यांना आजही आहे.